बिनराबाचा वाफा

जंगलखात्याच्या कचेरीत दोन गोष्टी आपोआप वाढतात, वाळवी आणि किस्से. वाळवीने आमच्या शहापूरच्या कचेरीतल्या निम्म्या फाइली खाल्ल्या, पण किस्से काही तिला पचले नाहीत. लढाई सुरू व्हायच्या आधीची चार-पाच वर्षं मी तिथे कारकून होतो. म्हणजे जंगल सरकारचं, हुकूम साहेबांचा आणि अक्षर माझं! आता मंडळी जमलीच आहात, तर त्यातले चार सांगतो. माणसं सगळ्यांत तीच ती आहेत, त्यामुळे लक्षात ठेवायला त्रास नाही.

आमच्या रेंजरना सगळे रावसाहेब म्हणत. ही पदवी सरकारने दिलेली नव्हती, त्यांनी स्वतःच घेतली होती. माणूस वाईट नव्हता, फक्त बदलीला फार भ्यायचा. पार आडरानातल्या मोखाड्याचं नुसतं नाव काढलं तरी त्यांना हिवताप भरायचा. दुसरा सावळाराम, शेणव्याचा गार्ड. याची एक गंमत होती. खोटं बोल म्हणून सांगितलं तर तो बिनचूक खोटं बोलायचा, पण सांगायला विसरलात तर मेलात.

*

एकदा वरून हुकूम आला, शेणव्याच्या वरचं रान चराईला बंद करा, म्हणजे गवत सुधारेल. केलं बंद. गुरं हाकलली, कापणीलाही मनाई. दोन पावसाळ्यांत गवत माणसाच्या छातीला लागलं. रावसाहेब खूश! येईल त्याला टेकडी दाखवायचे.

फाल्गुनात त्याला आग लागली. पूर्वी गुरांनी खाल्लेल्या खुरट्या गवतात वणवा घोट्याएवढा सरपटत जायचा आणि नाल्यापाशी विझायचा. हा तीन दिवस पेटत होता आणि त्याने मोठी झाडंसुद्धा सोडली नाहीत.

छापील फॉर्मात एक रकाना होता, 'आग लागण्याचे कारण'. रावसाहेबांनी सावळारामला विचारलं, "काय लिहायचं रे?"

"गवत लय सुधारलं, साहेब!"

मी तसंच लिहिणार होतो, पण रावसाहेबांनी माझ्यापुढची दौतच उचलून घेतली.

*

मग पाचोळ्याची भानगड. जुन्या साहेबांचा हुकूम होता की आगीची भीती नको म्हणून झाडांखालचा पाचोळा झाडून काढा. नंतर ठाण्याला नवे गोरे साहेब आले. त्यांना जमिनीची फार काळजी. त्यांनी लिहिलं, पाचोळा कुजून खत होतं, त्याला हात लावू नका. पण जुना हुकूम रद्द कोणीच केला नाही!

रावसाहेबांनी दोन्ही हुकूम पाळले. "शहापूरच्या रस्त्यावरून दिसतं तेवढं रान झाडा, मुरबाडच्या रस्त्यावरून दिसतं तेवढं राहू द्या. साहेब एका वेळी एकाच रस्त्याने येणार."

झाडायच्या कामावर ठमाबाई असायची. शेणव्याची विधवा, टेकडीच्या पायथ्याशी भाताचं एकच शेत, बाकी दिवस आमच्याकडे मजुरी. तोंडाने फटकळ. तिला कोणीही साहेब मोठा वाटत नसे.

तिसऱ्या वर्षी नवे साहेब मुरबाडकडून आत शिरले आणि घोड्यावरून सरळ शहापूरकडे बाहेर पडले. रावसाहेबांचा घाम काढला त्यांनी. एका बाजूला मऊ काळी माती आणि ढोपराएवढी नवी रोपं, दुसऱ्या बाजूला जमीन दगडासारखी टणक आणि हिरवं म्हणाल तर रावसाहेबांचा फेटा.

साहेब खात्याची मराठीची परीक्षा पास झालेले. त्यांनी स्वच्छ विचारलं, "या बाजूला नवीन झाडे का उगवत नाहीत?"

रावसाहेब हवामानाविषयी काहीतरी सांगू लागले. ठमाबाई खराट्यावर टेकून म्हणाली, "रोज झाडलेल्या अंगनात काय उगवल, साहेब?"

*

पुढचा किस्सा सागाचा. टेकडीवरचं मिसळ रान, म्हणजे ऐन, मोह, जांभूळ, करवंदीच्या जाळ्यांसकट, सगळं साफ कापलं आणि तिथे सागाची रोपं दोरी धरून ओळीत लावली. दिसायला फार सुरेख. आषाढात चार दिवस पाऊस लागला आणि टेकडीची माती खाली उतरली, ती थेट ठमाबाईच्या शेतात. सागाची रोपं मुळं दाखवत उभी राहिली.

आता अहवालात माती गेली म्हणून लिहावं तर मोखाडा! रावसाहेबांनी कायद्याचं पुस्तक काढलं. त्यात जंगलातली माती हासुद्धा जंगलाचा माल आहे आणि तो हलवायला पास लागतो. झालं! ठमाबाईला नोटीस गेली की तिने सरकारी माती बिनपासाची नेली.

ठमाबाई नोटीस घेऊन कचेरीत आली. मी वाचून दाखवली. ती खो खो हसली, मग तिने नोटिशीची घडी घालून कमरेला खोचली. तिच्या शेतात ढोपरभर गाळ आणि गोटे भरले होते आणि लावलेलं भात खाली गाडलं गेलं होतं. नोटीस लिहिताना हे मला माहीत होतं. तरी मी सुवाच्य अक्षरात ती लिहिली, याची मला अजून लाज वाटते.

"माती पावसान आनली," ती म्हणाली. "त्याच्याकडं पास मागा. आनि तुमची माती हाय ना, मंग घेऊन जा की उचलून! मी वाट बगतंय."

कोणी गेलं नाही. तिने एकटीने टोपलीटोपलीने शेत मोकळं केलं.

*

आता खरा किस्सा. राबाचा.

आपल्याकडे पावसाळ्याआधी भाताच्या वाफ्यावर झाडांच्या फांद्या, पाला, शेण, गवत असं थरावर थर रचून भाजतात, हे तुम्हाला सांगायला नको. राखेने जमिनीला कस येतो आणि आगीने गवताचं बी मरतं, म्हणून रोप एकटं आणि जोमाने वाढतं. पण त्यासाठी ऐनाच्या फांद्या दर साली छाटायच्या. साहेबांनी ती छाटलेली झाडं पाहिली आणि भडकले. "हे जंगल आहे की टेलिग्राफचे खांब?"

खोटं कशाला बोलू, झाडांचे हाल व्हायचेच. पण साहेबांना राब सरसकट बंद करायचा होता. गावकरी कचेरीपुढे येऊन बसले. पुढे ठमाबाई.

"आमाला शेणाला गुरं तुमी ठेवली नाय, चराई बंद केलीव. राब बी गेला तं रोप येनार नाय. एकच शेत हाय माजं. ते गेलं म्हंजे मी कसाऱ्याला खडी फोडाया जाऊ?"

साहेब न्यायी माणूस. ते म्हणाले, "आपण प्रयोग करू." शेणव्याच्या चौकीशेजारी दोन सारखे वाफे पाडायचे. एकात राब, तो ठमाबाईने करायचा. दुसरा नुसता नांगरलेला, तो खात्याचा. रोपं सारखी आली तर राबाची गरज नाही हे सिद्ध होईल आणि त्याच दिवशी बंदीच्या हुकमावर सही. ठमाबाई लगेच कबूल झाली. तिला खात्री होती.

खात्री रावसाहेबांनाही होती, म्हणून तर त्यांना झोप येईना. खात्याचा वाफा पडला तर साहेबांची फजिती, आणि साहेबांची फजिती म्हणजे मोखाडा! त्यांनी सावळारामला बोलावलं. "काहीही कर, पण आपल्या वाफ्यातली रोपं चांगली आली पाहिजेत."

सावळाराम शेतकऱ्याचा पोर. रोपं चांगली येण्याची त्याला एकच युक्ती माहीत होती. सगळा गाव लग्नाला गेला होता त्या दुपारी त्याने चौकीमागच्या राखीव रानातून भारेच्या भारे ऐनाच्या फांद्या तोडल्या आणि खात्याचा वाफा व्यवस्थित भाजून काढला. वैशाखात जिकडेतिकडे राबाचा धूर असतोच, त्यात आणखी एक कोणाला दिसणार? वर नांगर फिरवला, झालं. मला त्याने दुसऱ्या दिवशी अभिमानाने सांगितलं. मी गप्प बसलो. मलाही नोकरी होती.

पाऊस लागला. तीन आठवड्यांनी साहेब आले. गाव चिखलात उभा. दोन्ही वाफे हिरवेगार! साहेबांनी फुटपट्टी लावली. तसूभर फरक नाही. रावसाहेबांचा चेहरा उजळला. ठमाबाईचा मात्र काळवंडला. तिची मान खाली गेलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

साहेबांनी माझ्याकडे हात केला. मी पिशवीतून हुकूम काढून दिला. त्यांनी फाउंटन पेनाचं टोपण काढलं.

"जरा थांबा, साहेब," ठमाबाई म्हणाली. ती अजून खालीच बघत होती, पण खात्याच्या वाफ्यात. "राब नाय तं मंग ह्यात गवत कसा नाय उगवला?"

साहेबांना कळेना. ती वाफ्यात उतरली, कोपरापर्यंत हात चिखलात घातला आणि मूठ बाहेर काढून त्यांच्या गोऱ्या तळहातावर रिकामी केली. कोळसे! आणि त्यात एक अर्धवट जळालेली, सालीसकट फांदी.

"हे कोणी भाजलं?" साहेबांनी विचारलं.

रावसाहेबांनी सावळारामकडे पाहिलं. पण या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायचं, हे सांगायला ते विसरले होते.

"आमीच, साहेब," सावळाराम म्हणाला. "रावसाहेब बोलले, रोपं चांगली आली पायजेत. मंग राबाशिवाय कशी येतील?"

साहेबांनी मोकळ्या हाताने कसंबसं पेनाला टोपण घातलं, पेन खिशात ठेवलं आणि हुकूम माझ्याकडे परत दिला.

ठमाबाईने हात लुगड्याला पुसले, त्यांच्या तळहातावरची फांदी उचलली आणि रावसाहेबांच्या नाकासमोर धरली.

"ऐन हाय ह्यो. राखीव रानातला. पास कुटं हाय, रावसाहेब?"

साहेबांनी चिखलाने भरलेला तो हात तसाच रावसाहेबांपुढे पसरला, आणि वाट बघत उभे राहिले.