तांत्रिक कारणास्तव

हदगावच्या लिंबाजी पवळेला जगाची किळस होती, आणि जगानंही ती कधी कमी होऊ दिली नाही. एसटीच्या खिडकीखालचे लाल ओघळ, हॉटेलातल्या पेल्याच्या तळाशी चिकटलेली साय, लग्नात एकाच बादलीत बुडणारे वीस हात, हे दिसलं की तो तोंड फिरवायचा. घरात त्याचा तांब्या वेगळा, टॉवेल वेगळा. त्याची बायको तुळजाबाई म्हणायची, "ह्ये मानूस खांबावरच ऱ्हायला पायजे व्हतं. तिथं कोनी थुंकाया येत न्हाई."

आयुष्य त्यानं खांबावरच काढलं म्हणा. भोकर तालुक्यात तेहतीस वर्षं लाईनमन. असा हा माणूस निवृत्त झाल्यावर वर्षा-दीड वर्षात तीनदा आंध्रात जाऊन आला, दुसऱ्यांच्या चादरींवर झोपला, स्टेशनावरचं पाणी प्याला, आणि ते कशासाठी तर रॉकेट उडताना बघायला. हदगावात हे कुणाला पटेना. पानटपरीवर बोलायचे, म्हाताऱ्याला चळ लागला. चळबिळ काही नव्हता. लिंबाजीला रॉकेटशी काही देणंघेणं नव्हतं. रॉकेट बघायचं होतं सिद्धराम हुडेला.

सिद्धराम मूळ देगलूरकडचा, आता उदगीरला राहतो. तोही लाईनमन, आणि बारा वर्षं दोघं विजेच्या एकाच उपकेंद्रात. लिंबाजी जितका तुसडा तितका हा मोकळा. दर दोन वाक्यांनी समोर हात करायचा, "दे टाळी." कुठल्या तरी वर्तमानपत्रातलं रॉकेटचं चित्र त्यानं पॅनेलच्या दाराला आतून खळीनं चिकटवलं होतं. म्हणायचा, "लिंबाजी, एवढी वीज आपन सांभाळतो, पन नऊ मीटरच्या वर कवा गेलो का? खांब संपला की आपन संपलो. एकदा ते वर जानारं बघायचं, ह्या डोळ्यानं. दे टाळी." आणि लिंबाजी त्याच्या तंबाखूच्या हातावर नाइलाजानं टाळी द्यायचा, मग साबणानं हात धुवायचा.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, सिद्धराम एका गावाच्या लाईनवर चढला होता. या कामात एक नियम आहे, तो पहिल्या दिवशी शिकवतात. चढणारा आधी उपकेंद्रातून परमिट घेतो, म्हणजे लाईन बंद करून घेतो. तो स्वतः खाली उतरून परमिट परत करीपर्यंत ती लाईन कुणीही चालू करायची नाही. कलेक्टर आला तरी नाही. त्या दिवशी ऑपरेटर रजेवर, आणि बटणापाशी लिंबाजी. त्याच लाईनवर एका पुढाऱ्याच्या पोरीचं लग्न लागायचं होतं. मंडपातले पंखे बंद, वऱ्हाडी घामानं निथळलेले. चौथा फोन आला तेव्हा पुढारी आईवरून बोलला. लिंबाजीनं घड्याळ पाहिलं. दोन तास झाले, उतरला असंल सिद्धराम, असं स्वतःशीच म्हणाला आणि बटण दाबलं.

सिद्धराम उतरला नव्हता.

जीव वाचला. उजवा हात कोपरापासून गेला. चौकशीच्या कागदावर लिंबाजीनं आपल्या हातानं लिहिलं, 'तांत्रिक कारणास्तव प्रवाह सुरू झाला.' वरच्या साहेबालाही भानगड नकोच होती, त्यानं खाली सही ठोकली. तांत्रिक कारण हे तर नेहमीचंच औषध होतं. शेतकऱ्यानं विचारलं लाईट का गेली, तांत्रिक कारण. कधी येईल, तांत्रिक कारण. डीपी जळाला, त्यातलं ऑइल चोरीला गेलं, साहेब जेवायला गेला, सगळ्याला एकच उत्तर. पण त्या दिवसापासून तो शब्द लिंबाजीच्या तोंडाला नासलेल्या दुधासारखा लागायला लागला. आणि तरी नोकरी संपेपर्यंत रोज उच्चारावा लागला.

सिद्धरामला टेबलाचं काम मिळालं. तो डाव्या हातानं लिहायला शिकला, डाव्या हातानं जेवायला शिकला. पंगतीत लोकांना ते बघवेना. शेजारचा हळूच पान सरकवायचा, बाया तोंडाला पदर लावायच्या. दुसऱ्याच्या शिंकेनं ज्याचं जेवण अर्ध्यावर राहायचं तो लिंबाजी मात्र दर लग्नात सिद्धरामच्या पानाला पान लावून बसायचा. त्याला त्या डाव्या हाताची किळस कधीच आली नाही. त्याला स्वतःच्या उजव्या हाताची यायची. घास तोंडाशी नेला की तेच बोट दिसायचं, बटण दाबलेलं.

आणि एक गोष्ट होती. सिद्धरामचं टाळी मागणं काही सुटलं नव्हतं. चहावाल्यापुढे, पोस्टमनपुढे, नव्या साहेबापुढेसुद्धा तो डावा हात करायचा. लिंबाजीपुढे मात्र त्यानं तो एकदाही केला नाही. कामून रे, असं लिंबाजीनं विचारलं नाही. विचारायला तोंड कुठं होतं?

निवृत्त झाल्यावर लिंबाजीनं ठरवलं, सिद्धरामला रॉकेट दाखवायचं. ते एकदा दाखवलं की झालं, मग तोंडानं काही सांगायची गरज नाही. ही पळवाट आहे हे त्याला चांगलं कळत होतं आणि तिचीही त्याला शिसारी यायची. पण निघाला.

पहिली खेप फेब्रुवारीत. नांदेडला असणारी त्याची मुलगी ऋतुजा, तिनं मोबाइलवर फॉर्म भरून श्रीहरीकोट्याचे दोन पास काढून दिले. नांदेडहून सिकंदराबाद, तिथून गुडूर, गुडूरहून सुल्लूरपेटा. गाडीत समोरच्या बाकावरचा गृहस्थ पायाची नखं कापायला बसला आणि कापलेली नखं खिडकीच्या कडेला ओळीनं मांडत गेला. त्याच्या बायकोनं त्याच बाकावर डबा उघडला. लिंबाजी दोन स्टेशनं दारात उभा राहिला, तर दाराशी कुणीतरी ओकून ठेवलेलं. लॉजवर उशीच्या अभ्र्यावर कुण्या परक्या डोक्याचा तेलकट गोल डाग. त्यानं आपलं धोतर पसरलं, त्यावर टॉवेल पसरला, आणि तरी तो बसूनच राहिला. सिद्धराम बाजूच्या खाटेवर घोरत होता.

सकाळी ऋतुजाचा फोन आला. "बाबा, उड्डाण पुढं गेलं. तांत्रिक कारण आहे म्हणतात."

 लिंबाजीचं तोंड सुटलं. "तांत्रिक कारन म्हनं. मला सांगून राहिले. कोनीतरी शेन खाल्लं आसंल आन वरून चादर वढली. मी काय वळखत न्हाई का ह्यांना?"

सिद्धरामनं अर्धापूरची केळी आणली होती. एक केळं दातानं सोलता सोलता त्यानं लिंबाजीकडं पाहिलं आणि म्हणाला, "आसंल."

घरी आल्यावर तुळजाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मनापासून सांगितलं, "त्या तांत्रिकाला येखादं नारळ-लिंबू देऊन टाका की. कामून आडवं लावून घेता?" फोनवर ही गोष्ट ऐकून सिद्धराम उदगीरात खो खो हसला. लिंबाजीला हसू आलं नाही.

दुसऱ्या खेपेला वादळ आलं. गुडूरच्या स्टेशनावर सहा तास बसले, ऋतुजानं कळवलं की तारीख पुढे गेली, आणि पुलावरून पलीकडच्या फलाटावर जाऊन परतीच्या गाडीत चढले. त्या सहा तासांत लिंबाजीनं फलाटावर जे जे पाहिलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण आठ दिवस त्याला भाजी गेली नाही. त्यानंतर एकदा ऋतुजानं फॉर्म उघडेपर्यंत जागा भरून गेल्या. लिंबाजी तिच्यावर उगाच खेकसला. ती म्हणाली, "बाबा, तुमची एवढी चिडचिड होते, तर कामून जाता?" तो बाहेर जाऊन नळाखाली हात धूत बसला.

सिद्धराम दर वेळी फोनवर एकच म्हणायचा, "जाऊ की परत. घाई हाय का कोनाची?" घाई हा शब्द लिंबाजीला लागायचा. मुद्दाम बोलतो की सहज, ते कळायचं नाही.

तिसऱ्यांदा मात्र आत पोचले. मोकळ्या रानात पायऱ्यापायऱ्यांची मोठी बैठक, हजारो माणसं, सकाळीच भाजून काढणारं ऊन. लांब झाडांच्या पलीकडं रॉकेट, म्हणजे तिथल्या मोठ्या पडद्यावर दिसत होतं तेच खरं. मागच्या पायरीवर एक कुटुंब चिवडा खात होतं. शेव लिंबाजीच्या कॉलरमध्ये पडली. त्यानं ती काढली तर बोटं तेलानं माखली. पुढं एक पोरगा स्वतःचंच तोंड मोबाइलमध्ये धरून ओरडत होता, रॉकेटकडं पाठ करून. बाजूला कुणीतरी सोललेली मोसंबी खाऊन चोथा पायाशी टाकत होतं. 'तिथं देश उडवून राहिले वर आन इथं बघा खाली काय चाललंय,' लिंबाजीच्या मनात आलं. सिद्धराम कशालाच बधत नव्हता. तो डावा हात कपाळाशी धरून समोर बघत होता. त्याच्या शर्टाची उजवी बाही टाचणीनं वर अडकवलेली होती.

मोठ्या आवाजात उलटी मोजणी चालू होती. आठ मिनिटं राहिली, सात राहिली, आणि आवाज थांबला. मग एक निराळा आवाज काहीतरी बोलला. सिद्धरामला तेलुगू येतं. त्यानं सांगितलं, "घड्याळ थांबवलंय. कायतरी तपासून राहिले."

पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. मागचं कुटुंब शिव्या द्यायला लागलं. कुणी शिट्टी मारली. काही लोक उठून चालायला लागले, त्यांच्या चपलांची धूळ खालच्यांच्या डोक्यावर. लिंबाजीचा घाम मानेवरून पाठीत उतरला. दीड वर्षाची घाण, चादरी, नखं, ओकाऱ्या, सगळं एकदम घशाशी आलं.

"आलं," तो म्हणाला. "आलं बघ तांत्रिक कारन. एवढी मोठी शिकलेली मानसं आन एक काम वेळंवर होईना. आमी काय खामखा मराया बसलो का हितं? दाबा की म्हनावं एकदाचं बटन."

सिद्धरामनं कपाळावरचा हात खाली घेतला. आवाज न चढवता म्हणाला, "नगं. नगं दाबू दे, लिंबाजी. वर कोन हाय का न्हाई ते बघितल्याबिगर नगं."

 लिंबाजीनं तेलकट बोटं धोतरात लपवली. लाऊडस्पीकर गप्प होता.  मग कुणी खेचून काढावं तसं त्याच्या तोंडून आलं, "तांत्रिक न्हवतं रे ते. फोन येत व्हते. मी घाई केली. तू उतरला का न्हाई ते बघितलंच न्हाई."

"म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"समदं. दवाखान्यात असताना साहेबानं कागद दाखवला व्हता सहीला. बारा वर्षं एका रजिस्टरात लिवलं आपन, तुझं अक्षर मला वळखू येत न्हाई व्हय?"

"मग बोलला कामून न्हाईस? बावीस वर्षं झाली, सिद्धराम."

"तू लिवलंस," सिद्धराम म्हणाला. "तूच खोडायचं. मी कामून खोडू?"

 मागून मूठभर चिवडा पुढं आला, कुठल्या तरी म्हातारीनं देऊ केलेला. सिद्धरामनं डाव्या हातात घेतला आणि खाल्ला. म्हातारीनं काही पान सरकवलं नाही. लिंबाजीनंही चार दाणे घेतले, आणि गिळलेसुद्धा.

पाऊण तासानं आवाज परत आला. या वेळी सिद्धरामनं काही सांगायची गरज पडली नाही. लोक उभे राहिले, मोबाइल वर गेले. शेवटचे आकडे सगळ्यांनी मिळून म्हटले. झाडांच्या पलीकडं आधी नुसता उजेड झाला, बघवेना असा, आणि त्यातून ते वर आलं, अगदी हळू, जणू त्याला कुणाचीच घाई नव्हती. आवाज मागाहून आला. तो कानात आला नाही, छातीत आला. बैठकीच्या पायऱ्या थरथरल्या. समोरच्या पोरानं मोबाइल खाली केला. ते वर गेलं, ढगात शिरलं, ढग आतून पेटल्यासारखा झाला, आणि पलीकडून पुन्हा एक ठिपका निघाला.

सिद्धराम मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून बघत होता. ठिपका दिसेनासा झाला तरी बघत होता. भोवती टाळ्यांचा कडकडाट. मग तो वळला. डोळे पाण्यानं भरलेले, तोंडावर तेच जुनं उपकेंद्रातलं हसू.

"गेलं बघ," तो म्हणाला. "नऊ मीटरच्या वर." आणि त्यानं डावा हात लिंबाजीपुढं केला. "दे टाळी."

लिंबाजीनं आपला उजवा तळहात पाहिला. घाम, धूळ, चिवड्याचं तेल. त्यानं तो धोतराला पुसला. पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा पुसायला लागला.

"पुसत काय बसलास?" सिद्धराम म्हणाला. "हाय तसा दे."

लिंबाजीनं दिला.