धाकट्याचा वंश

त्या दोघा भावांच्या सलूनवर पाटी होती, पण पाटीवरचं नाव कोणी घेत नसे. लोक म्हणायचे, "थोरल्याकडे जाऊन येतो," नाहीतर "आज धाकट्याच्या हातून करून घेतो." आत दोन खुर्च्या, भिंतभर एकच आरसा, आणि फरशीवर दिवसभर साचत जाणारे सगळ्या रंगांचे केस. थोरला बोलायचा भरपूर आणि कापायचा भराभर. धाकटा कानामागे एक केस वर राहिला तरी गिऱ्हाइकाला उठू द्यायचा नाही. पन्नाशी उलटली, कानशिलं पांढरी झाली, तरी तो धाकटाच. ठरवायचं थोरल्यानं, मान डोलवायची धाकट्यानं, असा घरचा शिरस्ता.

घर पिढ्यान्‌पिढ्या चर्चला जाणारं. रविवारी दोन्ही कुटुंबं एकाच बाकावर बसायची. धाकट्याला मूलबाळ नव्हतं. थोरल्याची मुलगी हीच त्याची मुलगी. तिचे केस त्याच्याखेरीज कोणी कापले नव्हते. सात वर्षांची असताना तिनं जाहीर करून टाकलं होतं, "माझ्या लग्नात माझे केस काकाच बांधणार. दुसऱ्या कुणी हात लावला तर मी उठून जाईन."

भूगोलाचे मास्तर धाकट्याच्याच खुर्चीत बसायचे. शाळेतून निवृत्त झालेले, उंच, बोलताना बोट हवेत फिरवायची सवय. जणू फळ्यावर नकाशा टांगलेलाच आहे. एके दिवशी दाढी नीट करायला धाकट्यानं कात्री उचलली, तर मास्तरांनी त्याचा हात धरला.

"कडा राहू दे. कडांना हात लावायचा नाही."

"का हो मास्तर?"

"लिहिलंय तसं. तुझ्याच बायबलात. वाचलं नाहीस कधी?"

धाकट्यानं वाचलं होतं, पण नावांच्या याद्या आणि बळींचे नियम लागले की तो पानं उलटून पुढे जायचा. त्या आठवड्यात त्यानं पहिली पाच पुस्तकं सलग वाचली. पुढच्या खेपेला त्यानं मास्तरांना विचारलं, "शब्बाथ, कामाला हात न लावायचा देवाचा दिवस, शनिवारी आहे, मग आपण रविवारी का जातो?" मास्तरांचा चेहरा उजळला. म्हणाले, "शनिवारी घरी ये."

मास्तरांच्या बैठकीच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं जमायची. गवंडी, परिचारिका, दोन कारकून, हॉस्पिटलात चादरींना इस्त्री करून कंबर मोडलेल्या एक म्हाताऱ्या मावशी. सगळी येशूला मानणारी, सगळी कुठल्या ना कुठल्या चर्चमधून आलेली. मास्तर शिकवायचे की येशू स्वतः मोशेच्या नियमांनी जगला, तेव्हा त्याच्या माणसांनीही तोरा, म्हणजे ते नियमशास्त्र, पाळायला हवी. आणि मग ते भिंतीवरच्या नकाशाकडे वळायचे. त्यावर लाल शाईनं बाण काढलेले होते. इस्राएलचे दहा वंश शत्रूनं धरून नेले आणि ते राष्ट्राराष्ट्रांत विरघळले. आज ज्या परक्या माणसाच्या मनात तोरेची ओढ जागी होते, तो परका नाहीच. तो घरी परत येणारा हरवलेला मुलगा आहे.

"तू त्या दहांतल्या एफ्राईमच्या वंशाचा," मास्तर एका शनिवारी प्रार्थनेनंतर धाकट्याला म्हणाले. "एफ्राईमही धाकटाच होता. थोरला शेजारी उभा असताना आजोबांनी आशीर्वादाचा उजवा हात ठेवला तो धाकट्याच्या डोक्यावर."

ते ऐकून धाकटा घरी कसा आला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. बायकोला सांगताना त्याला हुंदका आवरेना. जन्मभर ज्या नावाखाली तो मान खाली घालून राहिला, तेच नाव कुणीतरी उचलून त्याच्या डोक्यावर ठेवलं होतं.

त्यानंतर घर बदललं. डुकराचं मांस बंद झालं. शब्बाथ आदल्या संध्याकाळीच लागतो, म्हणून शुक्रवारी सूर्य कलला की बायको दोन दिवे लावू लागली. सुरुवातीला ती कुरकुरायची, "या वयात नवे चोचले कशाला?" पण वर्षभरात ती नवऱ्याच्या पुढे गेली. अडचण होती सलूनची. शनिवार म्हणजे सलूनचा सुगीचा दिवस, बाकड्यावर जागा नसायची.

"शनिवारी मी येणार नाही," धाकट्यानं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो थोरल्याला काहीतरी विचारत नव्हता, सांगत होता.

थोरला आधी हसला. "तोरा वाचायला लागल्यापासून तुझा तोरा फारच वाढलाय!" मग त्याच्या लक्षात आलं की हा गंमत करत नाही. सहा महिने त्यानं शनिवारची गर्दी एकट्यानं ओढली. सातव्या महिन्यात त्यानं आपली खुर्ची स्क्रू काढून उचलली आणि रस्त्यापलीकडच्या गाळ्यात नवं दुकान थाटलं. फरशीवर चार भोकं राहिली. तरीही भावाभावांचं बोलणं सुटलं नाही. रस्त्याच्या या बाजूनं त्या बाजूला ते एकमेकांना हात करायचे.

ते तुटलं पुतणीच्या लग्नात. लग्न चर्चमध्ये होतं आणि तारीख निघाली शनिवारची. पुतणी स्वतः सांगायला आली.

"काका, केस तुम्हीच बांधायचेत. विसरला नाहीत ना?"

धाकट्यानं मास्तरांना विचारलं. एका लग्नापुरतं, एका मुलीपुरतं चालेल का? मास्तर उठून नकाशापाशी गेले. मग म्हणाले, "एफ्राईमचा वंश एकदा हरवला तो असाच हरवला. एका सवलतीनं. निर्णय तुझा आहे."

धाकटा गेला नाही. त्या शनिवारी तो मास्तरांच्या खोलीत बसून होता आणि दुपारभर त्याला नुसते पुतणीचे केस दिसत होते, दाट, मानेपाशी किंचित कुरळे. दोन दिवसांनी दुकान उघडल्यावर त्यानं रस्त्याच्या या बाजूनं हात केला. थोरल्यानं शटर खाली ओढलं.

याच सुमाराला मास्तरांनी अर्जाची कल्पना काढली. शहराच्या दुसऱ्या टोकाला यहुद्यांचं एक छोटं सभास्थान होतं. तिथल्या रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, सगळ्यांच्या सहीचं पत्र द्यायचं: आम्ही राष्ट्रांतून परतणारे वंश आहोत, आम्हाला भाऊ म्हणून ओळखा, आमच्याबरोबर बसू द्या. सत्तावीस सह्या झाल्या. इस्त्रीवाल्या मावशींना लिहिता येत नव्हतं. अंगठा उठवायला त्यांनी साफ नकार दिला. "देवाच्या घरी अंगठाबहाद्दर म्हणून जाऊ होय?" परिचारिकेकडून तीन आठवडे गिरवून त्यांनी आपलं नाव लिहिलं, वाकडं आणि भलं मोठं, दोघांच्या जागेत.

मास्तरांनी पत्र पोचवलं म्हणून सांगितलं. "त्यांच्याकडे घाई नसते. उत्तर येईल." दीड वर्ष गेलं. बैठका विरळ झाल्या. मास्तरांची तब्येत बरी नसायची, कधी गावाला जायचं असायचं. शेवटी एका मंगळवारी धाकट्यानं दुकान लवकर बंद केलं, स्वच्छ सदरा घातला आणि तो स्वतःच सभास्थानाकडे निघाला.

रब्बी चाळिशीचे, बाह्या सरसावून एका बाकाचा मोडका पाय ठोकत बसलेले. त्यांनी हातोडा बाजूला ठेवून त्याला बसायला दिलं, पाणी दिलं.

"आमच्या पत्राचं विचारायला आलो होतो," धाकटा म्हणाला. "भूगोलाच्या मास्तरांनी आणून दिलं होतं. सत्तावीस जणांच्या सह्यांचं."

"मास्तर तर गेली तीन वर्षं माझ्याकडे शिकायला येतात," रब्बी म्हणाले. "गेल्या महिन्यात त्यांचा आणि त्यांच्या पत्नीचा यहुदी धर्मात रीतसर प्रवेश झाला. ते आता आमचेच आहेत. पण पत्र? पत्र कधी आलं नाही."

धाकट्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. बैठक, नकाशा, वंश, अर्ज. रब्बींचा चेहरा उतरत गेला.

"प्रवेश देणाऱ्या तिघा पंचांसमोर मी त्यांना स्वतः विचारलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "येशूला मानणारा एखादा गट तुमच्याशी जोडलेला आहे का? ते म्हणाले, भूगोल सोडून मी आयुष्यात कोणाला काही शिकवलं नाही."

धाकट्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग धाकट्यानं विचारलं, "आणि आमचा वंश?"

"दहा वंश कुठे गेले ते मला माहीत नाही हो. ज्याला माहीत आहे तो एक दिवस सांगेल. मला ते वाटून देता येत नाहीत." रब्बी थोडे थांबले. "आणि शब्बाथचं हे ओझं तुमच्यावर नाही. परक्या राष्ट्रातल्या माणसानं देवानं सगळ्याच माणसांना घालून दिलेल्या सात मूळ आज्ञा पाळल्या तरी देवापाशी त्याची जागा आहे. तुम्ही दुकान बंद ठेवायची काही गरज नव्हती."

अगदी मायेनं बोलले ते. पण धाकट्याला 'गरज नव्हती' हे दोनच शब्द ऐकू आले. डोळ्यांपुढे शटर खाली आलं, थोरल्याचं.

तो तिथून थेट मास्तरांच्या घरी गेला. दार मास्तरांच्या बायकोनं उघडलं आणि त्याला बघताच ती आत निघून गेली. खोलीत खोकी बांधून ठेवली होती. नकाशा भिंतीवर नव्हता. त्याच्या जागी फिकट चौकोन तेवढा होता.

"कळलं तर," मास्तर म्हणाले.

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सगळे माझ्यामागे आला असता. सत्तावीस माणसं दारात बघून त्यांनी दार लावून घेतलं असतं. तिथे वंश आत घेत नाहीत रे. एकेक माणूस घेतात."

"मग एकेकाला सांगायचं!"

मास्तरांनी बोट हवेत उचललं, पण त्याला फिरवायला काही सापडलं नाही. ते खाली आलं.

"आणि येशू?" धाकट्यानं विचारलं. "त्याच्या नावानं तुम्ही मला बोलावलंत."

"ते सोडावं लागलं."

"कधी सोडलंत?"

मास्तर खोक्याकडे वळले.

"माझ्या पुतणीच्या लग्नाआधी की नंतर?"

मास्तर खोक्याची दोरी सारखी करत राहिले. उत्तर मिळालं: आधी. धाकट्यानं हात पुढे केला. "आमचा अर्ज द्या," तो म्हणाला. "आमच्या सह्या आहेत त्यावर."

मास्तरांनी दोन खण धुंडाळले आणि एक कागद काढून दिला. पुढच्या बाजूला सत्तावीस सह्या. मागची बाजू गिरवलेल्या हिब्रू अक्षरांनी भरलेली, ओळीवर ओळी, शिकाऊ हातानं काढलेली. कोरा कागद जवळ नसेल त्या दिवशी. काही ठिकाणी शाई आरपार उतरली होती.

शनिवारी धाकट्यानं सगळ्यांना आपल्या घरी बोलावलं आणि घडलं ते सांगितलं. सांगायला त्याला जेमतेम पाच मिनिटं लागली. गवंडी ताडकन उठला. "मास्तर असं करणार नाहीत. तुलाच त्यांच्या जागी बसायचंय!" कागद हातोहात फिरला तेव्हा तो खाली बसला, आणि मग कोणाशी काही न बोलता निघून गेला. एक कारकून धाकट्यावरच चिडला, "तुम्ही चौकशी केली नसती तर काय बिघडलं असतं?" परिचारिका रडत होती. कागद इस्त्रीवाल्या मावशींकडे आला. त्यांच्या नावाच्या मधोमध मागचं एक काळं अक्षर उमटलं होतं. त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला, बराच वेळ बघितला.

"अक्षर तेवढं छान काढलंय मेल्यानं," त्या म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसलं.

रब्बींचा निरोप आला: जे सांगितलंत ते लिहून द्याल का, पंचांपुढे ठेवावं लागेल. धाकट्यानं लिहून दिलं. चार ओळी, एकही शिवी नाही. त्याचं पुढे काय झालं ते त्याला कधी कळलं नाही. मास्तर त्याआधीच शहर सोडून गेले होते.

थोरल्याच्या दुकानात तो एका दुपारी गेला. गिऱ्हाईक नव्हतं. थोरल्यानं ऐकून घेतलं, सगळं. शेवटी म्हणाला, "तुला फसवलं ते त्या मास्तरानं. माझ्या पोरीला फसवलं ते तू. माझं म्हणशील तर मी विसरेन. तिचं मला सांगता येत नाही." पुतणी दूर राहायची. धाकट्यानं पत्र लिहिलं. उत्तर आलं, दोन ओळींचं, सभ्य, 'ती. काकांस' असं सुरू होणारं. पूर्वी ती असं लिहीत नसे.

पुढच्या शनिवारी त्यानं दुकान उघडलं. पाच डोकी केली. घरी आला तर बायको बसून होती.

"मला कोणी वंशबिंश दिला नव्हता," ती म्हणाली. "मी दिवे लावते ते मला लावावेसे वाटतात म्हणून. तुझं तू बघ."

त्यानंतरचे शनिवार त्यानं बंदच ठेवले. कशासाठी, ते कोणी विचारलं तर त्याला सांगता येत नसे. एफ्राईम म्हणून नाही. ते नाव त्यानं पुन्हा उच्चारलं नाही. सत्तावीसांपैकी चौघं अजून त्याच्याकडे जमायची. मावशी, परिचारिका, हे नवरा-बायको. कोणीतरी एक उतारा वाचायचं आणि मग प्रार्थनेची वेळ यायची, तेव्हा तिघीजणी धाकट्याकडे बघायच्या. तो डोळे मिटायचा, तोंड उघडायचा, आणि त्याच्या ध्यानात यायचं की ओठांवर आलेलं वाक्य मास्तरांचं आहे. ते गिळून तो दुसरं शोधायचा. तेही मास्तरांचंच निघायचं. मग चौघं तशीच बसून राहायची, मावशींना डुलकी लागेपर्यंत.