कोकिळाला काहीच होत नाही

हनुमंतरावांनी ते काळं हेल्मेट माझ्या टेबलावर, नंबर तपासायच्या ट्रायल लेन्सच्या पेटीशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "अक्का, हेच्यात कांही दोष नाही म्हणून दुकानावर बोर्ड लावायचा आहे. खालीं तुमची सही पाहिजे."

मी तंजावूरच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात ऑप्टोमेट्रिस्ट होते. म्हणजे डॉक्टर नव्हे. नंबर काढणं, दोन्ही डोळे मिळून काम करतात की नाही ते पाहणं, चष्मा ठरवणं, हे माझं काम. ऑपरेशन आमचे चीफ, म्हणजे मुख्य डॉक्टर, करत. हा फरक मी आमच्या गल्लीला वर्षानुवर्षं समजावत आले आणि गल्ली मला वर्षानुवर्षं डॉक्टरम्मा म्हणत आली. हनुमंतराव गल्लीतलेच, म्हणून अक्का म्हणायचे. सही मागताना तर जरा जास्तच गोड आवाजात.

राजवाड्यामागे, घराच्याच पुढच्या भागात, त्यांचा एसटीडी बूथ होता. मागच्या खोलीत टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम मांडले होते. त्यासाठी त्यांनी ओरत्तनाडुच्या सरकारी ऑफिसातली कायमची नोकरी सोडली होती आणि त्याबद्दल सासऱ्यांनी अजून त्यांना माफ केलं नव्हतं. ते दिवसच तसे होते. केबल आली होती, दर महिन्याला बाजारात काहीतरी फॉरेन उतरत होतं, आणि आपणही काहीतरी नवं करावं असं बऱ्याच जणांना वाटत होतं. सिंगापूरच्या मेव्हण्याने हे हेल्मेट आणि त्याला लागणारा कॉम्प्युटर पाठवला. व्हर्च्युअल रिॲलिटी. डोक्यावर घातलं की खोली नाहीशी होते आणि तुम्ही गेमच्या आत. सुरुवातीला रांग गल्लीच्या तोंडापर्यंत लागत होती.

मग पापनाशमहून कॉलेजला येणारा एक मुलगा ते खेळला, बाहेर येऊन पायरीवर बसला आणि ओकला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. दुकानापुढे उभं राहून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की या मशीनने डोळे जातात. जवळच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी मुलांना ताकीद मिळाली. रांग गेलीच, साधे गेम खेळणारेही यायचे थांबले.

"तलवलि म्हणतांत, मयक्कम म्हणतांत," हनुमंतराव म्हणाले. डोकेदुखी आणि घेरी यांना आमच्या घरांत तमिळच शब्द चालतात. "सगळी नाटकं. माझी कोकिळा तासभर घालून बसते. तिला कांही होत नाही. मग यांनाच कां होतें?"

कोकिळा त्यांची मुलगी. आठ वर्षांची. गिऱ्हाईक बिचकलं की ते तिला हेल्मेट घालून बसवत. घरचीच साक्ष.

चीफ मागे उभे राहून ऐकत होते. ते तमिळ; आमची मराठी त्यांना समजत असे, त्यांचं बोलणं मी मराठीत सांगते आहे.

"सही करायची नाही," ते म्हणाले.

"मी करणारच नव्हते."

"पण जाऊन बघून ये. अशा वस्तू आता येतच राहणार. आपल्याला माहीत हवं."

संध्याकाळी मी पीडी स्केल घेऊन दुकानात गेले. पीडी म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर. चष्मा करताना आम्ही ते मोजतो, कारण भिंगाचा मध्य बुबुळासमोर यावा लागतो. माणसागणिक ते बदलतं.

हेल्मेट मी आधी उलटं करून पाहिलं. आत दोन छोटे पडदे, एकेका डोळ्यासमोर एकेक, आणि प्रत्येकापुढे भिंग. दोन डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रं दाखवायची, मेंदू ती जुळवतो आणि त्याला खोलपणा भासतो. कल्पना सुंदर आहे. खऱ्या आयुष्यात आपण हेच करतो. पण या दोन भिंगांमधलं अंतर ठरलेलं, कमीजास्त करायची सोय नाही. म्हणजे एकाच मापाची चप्पल सगळ्या गावाला.

मग ते घातलं. जड होतं. मान पुढे ओढली गेली. चित्र ठिपक्याठिपक्यांचं, सुपात तूरडाळ पसरल्यासारखं. समोर एक बोगदा होता, त्याच्या टोकाला एक लाल दिवा. मी मान वळवली. चित्र क्षणभर जागीच राहिलं आणि मग धावत आलं. तोल सांभाळणारा भाग आपल्या कानात असतो. कान सांगतो मान वळली, डोळे सांगतात नाही वळली. या दोघांच्या भांडणात मार खातं ते पोट. पापनाशमचा मुलगा नाटकी नव्हता.

पण मला आणखी एक गोष्ट खटकली. मान स्थिर ठेवली तरी डोळ्यांवर ताण येत होता, आणि लाल दिवे दोन दिसत होते. एक वर, एक खाली. प्रवासात आपटून म्हणा किंवा मुळातच म्हणा, एक पडदा दुसऱ्यापेक्षा जरा खाली बसला होता. डोळे आडवे जुळवून घेतात, वरखाली फारसे जुळत नाहीत. अशी चित्रं जबरदस्तीने जुळवायला लावली की डोकं दुखणारच.

"हनुमंतराव, तुम्हांला किती दिवे दिसतात?"

"मला धंदा पाहायचा असतो अक्का, मी कुठें खेळत बसूं?"

"एकदा तरी घातलं असेल."

ते बूथची काच पुसू लागले. मग त्यांची बायको सुगुणा आतून म्हणाली, "घातले होते. दिवसभर निजून होते. कोणाला सांगूं नको म्हणाले."

मी हसले. तेही नाइलाजाने हसले. मग फोन करायला आलेल्यांना मी एकेक करून विनवलं. हालचाल नको, फक्त सुरुवातीचं थांबलेलं चित्र पाहा आणि लाल दिवे किती ते सांगा. दोन, दोन, दोन. एका शिक्षकांनी आधी एक सांगितला, मग म्हणाले, नाही, दुसरा त्याच्या डोक्यावर बसलाय. हनुमंतरावांनीही शेवटी घातलं आणि मान्य केलं. दोन.

"आता कोकिळाला विचारा," ते म्हणाले. "ती खरें सांगेल."

कोकिळाने सराईतपणे हेल्मेट चढवलं. "एक," ती म्हणाली.

"नीट पाहा. वर? खाली?"

"एकच आहे, अक्का."

हनुमंतरावांचा चेहरा उजळला. मी मात्र तिचं हेल्मेट नीट बसलंय का ते पुन्हा पाहिलं. घेरी न येणारी माणसं असतात, त्यात नवल नाही. पण ज्याचे दोन्ही डोळे कामाला आहेत त्याला त्या हेल्मेटात दोन दिवे दिसायलाच हवेत, नाहीतर निदान डोळे ओढल्यासारखे तरी व्हायला हवेत. ही मुलगी त्यात तासभर आरामात बसत होती.

बूथवर लोकांची व्हिजिटिंग कार्डं पडलेली असत. त्यातलं एक मी हेल्मेटच्या आत, तिच्या डाव्या डोळ्यासमोर सरकवलं. "आता?"

"एक. तसाच."

मग कार्ड काढून उजव्या डोळ्यासमोर धरलं. कोकिळाने मान इकडेतिकडे हलवली.

"अप्पा," ती हाक मारून म्हणाली, "लो व्होल्टेज आहे. स्टॅबिलायझर पाहा."

खोलीतला पंखा पूर्ण वेगाने फिरत होता.

डाव्या डोळ्याने तिला फारसं दिसतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात तपासलं तेव्हा सगळं स्पष्ट झालं. उजवा डोळा चांगला. डाव्याला मोठा प्लस नंबर. अशा वेळी मेंदू काय करतो, तर चांगल्या डोळ्याचं ऐकतो आणि दुसऱ्याचं अंधुक चित्र कानाआड करतो. वापर नाही म्हणून तो डोळा मागे पडत जातो. याला लेझी आय म्हणतात. डोळा बाहेरून सुंदर दिसतो, तिरळा नाही, लाल नाही, दुखत नाही. मुलाला कळत नाही, कारण त्याला दुसरं जग ठाऊकच नसतं. कोकिळा शाळेत पहिल्या बाकावर बसायची, फळा वाचायची, कॅरममध्ये मोठ्यांना हरवायची. कुणी संशय घ्यावा तरी कशाचा?

उपचार लहानपणीच चालतो. मेंदूची सवय पक्की झाली की मग नुसत्या चष्म्याने काही होत नाही. "आठ म्हणजे उशीर झालाय," चीफ म्हणाले, "पण दार अजून बंद झालेलं नाही."

त्यांच्या घरी ही बातमी वेगळ्याच रूपात पोचली. मी गेले तेव्हा हेल्मेट अंगणात पडलं होतं.

"त्या सनियननें माझ्या लेकीचा डोळा खाल्ला," सुगुणा म्हणाली. सनियन म्हणजे साडेसाती, पीडा. "आजपासून तें घरांत नको. डोळ्याला विश्रांति दिली म्हणजे येईल परत."

हनुमंतराव भिंतीला टेकून बसले होते. "मीच बसवलों तिला," ते म्हणाले. "रोज. लोकांना दाखवायला."

सगळे मशीनला शिव्या द्यायला तयार होते आणि मलाही ते मशीन आवडलं नव्हतं. मान डोलावली असती तर भागलं असतं. पण मग त्यांनी हेल्मेट फेकलं असतं, मुलीला काजळ घातलं असतं आणि डोळा परत येण्याची वाट पाहत बसले असते. तेवढ्यात दार बंद झालं असतं. म्हणून त्या टाकाऊ यंत्राची वकिली मला करावी लागली.

"हेल्मेटने काही केलं नाही," मी म्हणाले. "डोळा आधीपासूनच असा आहे, बहुतेक जन्मापासून. हेल्मेट नसतं तर आपल्याला कळलंही नसतं."

"मग काय करायचें?"

"चष्मा. आणि रोज काही तास उजव्या डोळ्यावर पट्टी."

"चांगला डोळा झांकायचा?" सुगुणाला मी वेडी वाटले असणार. "आणि वाईट डोळ्यानें ती काय पाहील?"

"घरात एक भाऊ सगळी कामं करतो, म्हणून दुसरा अंथरुणातून उठत नाही. कर्त्याला रोज थोडा वेळ गावाला पाठवायचं. मग दुसऱ्याला उठावंच लागतं."

सुगुणाला दोन दीर होते. तिला पटलं.

कोकिळाला पटलं नाही. कण्णाडी, म्हणजे चष्मा, तिने एका दिवसात मान्य केला. पण पट्टी तिला शिक्षा वाटली. मागच्या खोलीतली ती राणी होती. पट्टी लावून तोच टीव्हीवरचा गेम खेळायला बसली की शेंबडी पोरंही तिला हरवू लागली. चेंडू तिला दिसेपर्यंत निघून गेलेला असे. एकदा मी बूथवर गेले तर ती कोपऱ्यात रडत होती आणि पट्टी कचऱ्यात होती. मी तिला रागावले. मग हनुमंतरावांनाही रागावले, कारण ते तिच्याशी खेळताना मुद्दाम हरत होते आणि तिला ते कळत होतं.

"काय करूं अक्का? पाहवत नाही."

"पाहू नका. खरं खेळा. तिला खरं जिंकू द्या."

ते खरं खेळू लागले. हेल्मेट कपाटात गेलं. बोर्डाचा विषय कुणी काढला नाही. दुकान साध्या गेमवर हळूहळू सावरलं. पट्टी कधी लागे, कधी चुकवली जाई, आणि दर तपासणीला मी अक्षरांच्या तक्त्यासमोर श्वास रोखून उभी राहायचे. एक ओळ पुढे. मग बरेच दिवस काही नाही. मग पुन्हा एक ओळ. पावसाळा येऊन गेला, पोंगल गेलं, परीक्षा झाल्या. एका संध्याकाळी कोकिळाने पट्टी लावून अप्पांना खरोखर हरवलं. त्या रात्री ते माझ्या दारात फक्त तेवढं सांगायला आले.

सुट्टीत त्रिचीचा एक ओळखीचा माणूस ते हेल्मेट मागायला आला. हनुमंतरावांनी चालतं की नाही पाहायला कपाटातून काढलं, आणि कोकिळाने कुणी नको म्हणायच्या आत पट्टा सैल करून ते चष्म्यावरून चढवलं. थोड्याच वेळात बापलेक हॉस्पिटलात हजर. हनुमंतराव घामाने भिजलेले.

"पुन्हां बिघडलें अक्का. हिचें डोकें दुखतें. कधी दुखलें नव्हतें. मशीन काढल्यावर बरें वाटलें, पण तुम्ही पाहा."

मी कोकिळापुढे बसले. "काय दिसलं?"

"बोगदा," ती म्हणाली. "पण तो आतां लांबपर्यंत जातो. आधी चित्रासारखा होता."

"आणि दिवा?"

"दोन आहेत. एकावर एक. मशीन खराब झालें आहे, अक्का."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. हनुमंतराव माझ्या तोंडाकडे पाहत होते आणि त्यांना वाटलं, काहीतरी वाईट आहे. ते खुर्चीचा हात धरून म्हणाले, "सांगा."

"मशीन पहिल्यापासूनच खराब होतं," मी म्हणाले. "आता तिला दिसलं."

त्यांना समजायला एक क्षण लागला. मग ते खाली बसले आणि खांद्यावरचं उपरणं तोंडाला लावून रडले. कोकिळा ओशाळून भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत राहिली. चीफ आत आले, त्यांनी दोन्ही डोळे तपासले आणि माझं हसू पाहून म्हणाले, "पेशंटचं डोकं दुखतं म्हणून हसणारी तू पहिलीच."

हेल्मेट त्रिचीला गेलं. त्यात दोन दिवे दिसतात हे हनुमंतरावांनी त्या माणसाला आधीच सांगितलं. त्याला तो गेमचाच भाग वाटला. पुढे मी पुष्कळ वर्षं नोकरी केली. शाळांच्या कँपात मुलं रांगेत येत आणि सोबतचे मास्तर सांगत, याला सोडा, याला काहीच त्रास नाही. त्या मुलाला मी आधी बसवत असे आणि त्याचा एक डोळा झाकत असे.