तिकटीवरचा नारळ

मी भित्री आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको की विश्वासी ख्रिस्ती घरातली बाई आणि असली कशी! सैतानाला हटकायचं कसं, यावर मी रविवारच्या शाळेत पोरांना धडे दिलेत, आणि त्याच रविवारी घरी येताना बोळातून चपला हातात घेऊन पळालेय. लग्न होऊन कोयनानगरला धरणाच्या वसाहतीत नांदायला गेले तर तिथं आणखी तऱ्हा. मांडणीवरची भांडी थरथरली की मी किंचाळत दाराबाहेर, आणि शेजारीण चहाचा घोट घेत म्हणायची, "बारका धक्का होता, या आत." भूकंपाच्या धक्क्यांची मला पुढं सवय झाली. उताऱ्याची काही झाली नाही.

माझं माहेर सांगलीचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तीन रस्ते मिळतात, त्याला आम्ही तिकटी म्हणतो. अमावस्या आली की तिथं काही ना काही पडलेलं असायचंच. नारळ, लिंबू, दहीभात, वर हळदकुंकू. कुणाला दृष्ट लागली, कुणी आजारी पडलं, की त्याच्यावरून हे ओवाळायचं, तिकटीवर नेऊन ठेवायचं आणि मागं न बघता परत यायचं. हाच उतारा. वाटेनं जाणाऱ्यानं तो ओलांडायचा नाही, शिवायचा तर नाहीच. शिवला तर ती पीडा त्याच्यामागून त्याच्या घरात येते, असं सगळी गल्ली मानायची. आम्ही ख्रिस्ती, आम्ही मानायचं काही कारण नव्हतं. पण हे माझ्या पायांना कोण सांगणार? ते आपले लांबून वळसा घालायचे.

माझे वडील, आमचे अण्णा, मात्र सरळ चालत जायचे आणि तो नारळ उचलायचे.

अण्णा मार्केट यार्डात हमाल होते. हळदीची पोती वाहून त्यांची मान, कान, नखं कायम पिवळी. नारळावरची हळद ते अंगठ्यानं पुसायचे आणि म्हणायचे, "ही हळद मीच ट्रकातनं उतरली आसंल. हिच्यात कसला आलाय सैतान?" मग दारातल्या पायरीवर, सगळी गल्ली टकमक बघत असताना, येशूच्या नावानं म्हणून गरजायचे आणि नारळ फोडायचे. लगेच आईला हाक, "वाट गं चटणी!" ती चटणी आम्ही सगळ्यांनी भाकरीबरोबर खायची. चर्चच्या मंडळीत लोक उभं राहून देवाच्या कृपेची साक्ष सांगतात, अण्णा साक्ष खाऊन दाखवायचे. "त्याला भ्यालं की त्यो उरावर बसतोय. त्याला दारातच हटकायचा," असं त्यांचं म्हणणं. माझ्या घशाखाली तो घास कधी सरळ उतरला नाही. पण अण्णांच्या पुढ्यात मला भीती वाटते म्हणायची काय बिशाद!

त्यांचा हा ताठा उगाच नव्हता. अण्णा म्हसवडकडच्या कोरड्या मुलखातले, मेंढपाळांच्या घरातले. ते लहान असताना कळपातली मेंढरं पटापट मरायला लागली, पाठोपाठ त्यांचा धाकटा भाऊ तापानं गेला, आणि घरच्यांनी ठरवून टाकलं की हे विधवा चुलतीचंच काम, तिनंच करणी केली. तिला नेसत्या लुगड्यानिशी हाकलून दिलं. जाताना ती अण्णांच्या तोंडावरून हात फिरवायला वाकली, तर हे भ्याले आणि मागं सरले. ही गोष्ट ते फार कमी वेळा सांगायचे, आणि सांगितली की शेवटी म्हणायचे, "देवाचा काय दोष न्हवता त्यात. भ्याचा व्हता. माणूस भ्यालं की दुसऱ्या माणसाला खातंय. त्योच सैतान." सांगलीत आल्यावर ते ख्रिस्ती झाले, प्रभूच्या मागं गेले ते यासाठीच, आता कुणाला भ्यायचं नाही म्हणून.

आता मुद्द्याचं सांगते. माझी दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्या वेळी दिवस भरत आले तशी मी बाळंतपणाला सांगलीला आले. नवरा धरणावर कामाला, तो कोयनानगरलाच राहिला. मी दिवसभर पोटावर हात ठेवून बसायची. बाळ हललं की जीव भांड्यात पडायचा, आणि जरा वेळ हललं नाही की तोच जीव पुन्हा टांगणीला. प्रार्थना करायला डोळे मिटले तरी माझं निम्मं लक्ष पोटाकडं. मंडळीतल्या बायका म्हणायच्या, विश्वास ठेव, सैतान तुला भिववतोय. अहो, ते कळत होतं मला! कळून काय उपयोग?

शेजारच्या घरात आक्का राहायच्या. अण्णांच्याच मुलखातल्या, त्यांना दादा म्हणायच्या. सिद्धनाथाच्या नावाशिवाय त्यांचं पान हलायचं नाही, आणि नाताळच्या आदल्या दिवशी आमच्या करंज्या लाटायलाही त्याच पहिल्या हजर. मी आले त्या दिवशी त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग अण्णांना म्हणाल्या, "आवं दादा, पोरीची दिष्ट तर काढू द्या. दोन डाव आसं झालंय."

"आमच्यात चालत न्हाई, आक्का."

"बरं बाबा, न्हाई तर न्हाई," म्हणून त्या उठून गेल्या. मला मात्र मनातून वाटत होतं, काढू द्या की हो अण्णा, तुमचं काय जातंय!

अमावस्येला यार्ड बंद असतो, हमालांना सुट्टी. तरी त्या अमावस्येला अण्णा सकाळी उठून कुठंतरी गेले, आणि आले ते हातात नारळ घेऊन. मी पायरीवर कोवळ्या उन्हात बसले होते. नारळावर नेहमीपेक्षा जास्त हळदकुंकू थापलेलं, आणि काळ्या दोऱ्यानं एक हिरवी काचेची बांगडी बांधलेली. ती बांगडी बघितली आणि मी पायरीवरून उठलेच. डोहाळजेवणाला भरतात तसली हिरवी बांगडी कुणासाठी असते हे सांगायला लागत नाही. कुणा गर्भार बाईवरून ओवाळलेला होता तो. एका गर्भारणीची पीडा उचलून दुसरीच्या दारात!

"अण्णा, हा नको."

"का?"

मी बांगडीकडं बोट केलं. अण्णांनी बांगडी सोडवून बाजूला ठेवली, गरजले, नारळ फोडला. आवाज जरा कमी होता त्या दिवशी, पण ते मला नंतर आठवलं. आईनं चटणी वाटली. मी खाल्ली. ताटात वाढलेलं टाकलं असतं तर मी भ्यालेय हे अण्णांना कळलं असतं ना.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाळ हललं नाही.

मी वाट बघितली. डाव्या कुशीवर झोपले. आईनं साखरेचं पाणी दिलं, पोटावर तेलाचा हात फिरवला. मी आतल्या आत बाळाला हाका मारत होते. अगं हल, नाहीतर अरे हल, जे कोण आहेस ते एकदा हल. काही नाही. पोट नुसतं जड, भरलेल्या घागरीसारखं. डोक्यात एकच चाललं होतं की मी खाल्लं ते. मी गिळलं आणि ते आत पोचलं. मी हे तोंडातून काढलं नाही, पण आई माझ्याकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांत तेच होतं.

रिक्षानं दवाखान्यात नेलं. नर्सनं पोटावर यंत्र ठेवलं, इकडं सरकवलं, तिकडं सरकवलं. बाळाचा ठोका सापडेना. ती माझ्याशी बोलत होती ते एकदम थांबली, आणि त्या गप्प होण्यानं मी मेले. मग कुठंतरी खाली सापडला एकदाचा, मंद, दमलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडा वेळ ठोके मोजायचा पट्टा लावून बघू, सुधारला नाही तर लगेच ऑपरेशन. पोटाला पट्टा बांधला. खोलीत नुसता तो ठोका. मधेच इतका संथ व्हायचा की मी श्वास धरून ठेवायची, माझ्या श्वासामुळं तो बंद पडेल म्हणून.

अण्णा खाटेजवळच्या खुर्चीवर बसले होते. तेवढ्यात आक्का आल्या. पदराच्या टोकाला मीठमोहऱ्या बांधलेल्या, केस सुटलेले, रडून डोळे लाल. दारातच थांबल्या.

"दादा, त्यो नारळ माझा व्हता. पोरीच्या वाळत घातलेल्या गाऊनवरनं ववाळला मी, कुणाला न सांगता. तुमी उचलतासा म्हणून गल्लीच्या तिकटीवर न्हाई ठिवला, पार यार्डाच्या तिकटीवर जाऊन ठिवला. अमुशाला यार्ड बंद, तुमी तिकडं फिरकणार न्हाईसा म्हणलं. तुमी कशाला गेलासा तिकडं? पीडा परत घरात आणलीसा की वो!"

खाटेच्या पायथ्याशी आई होती, ती ताडकन उठली. "तू व्हय? काय केलंस गं माझ्या पोरीला? आं? काय घातलंस तिच्या पोटात?"

आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाही आक्कांचं तोंड वेगळं दिसलं. ज्यांनी माझ्यासाठी बोटं मोडली त्याच आक्का, पण मला त्यांची भीती वाटली. त्यांनी माझ्याकडं हात केला आणि मी अंग चोरलं. अण्णांनी ते बघितलं.

अण्णांचा चेहरा मी आजवर तसा बघितला नव्हता. मला वाटलं, आता हे गरजणार, आक्कांना बाहेर काढणार, पदरातल्या मीठमोहऱ्या फेकून देणार. सैतानाला हटकायचं म्हणजे अण्णांना तेवढंच ठाऊक होतं.

अण्णा खुर्चीवरून उठले. "आक्का, तुमी हितं बसा," म्हणाले.

"आवं, तिला कसलं बसवताय!" आई ओरडली.

"तू गप. एकीला हाकलताना बघितलंया मी. दुसरीला न्हाई हाकलायचो." मग आक्कांना म्हणाले, "यार्डात रडाया गेल्तो, आक्का. बंद आसतंय, कोण नसतंय तितं. घरात रडाया येत न्हाई, पोरगी बघती."

आक्का पदराची गाठ सोडायला लागल्या. अण्णांनी मान हलवली. "त्ये नगं. हात ठिवा तिच्या डोसक्यावर. तुमी तुमच्या देवाला सांगा, मी माझ्या देवाला सांगतो."

आक्कांचा हात माझ्या कपाळावर आला. खरखरीत, गार. मी या वेळी मागं सरले नाही. अण्णांनी माझे पाय धरले आणि डोळे मिटले. मी गर्जनेची वाट बघत होते. सैताना नीघ, असं काहीतरी. पण आलं ते एवढंच, "प्रभू, मला लय भ्या वाटतंय. पयल्यापासनं वाटतंय."

पहिल्यापासून! म्हणजे प्रत्येक अमावस्येला, प्रत्येक नारळाला. पायरीवर गरजणारा माझा बाप माझ्याइतकाच भ्यालेला होता, आणि मला कधी कळलंही नाही. मी ढसाढसा रडायला लागले. आईही आली आणि आक्कांच्या खांद्याला धरून उभी राहिली. पट्ट्यातला ठोका काही सुधारला नाही, आम्ही प्रार्थना केली म्हणून खोलीत चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. डॉक्टरीणबाई आल्या, ठोक्यांचा कागद बघितला आणि मला लगेच ऑपरेशनला घेतलं. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. मुलगी. निळसर, एवढीशी, आणि रडायला लागली ती दाराबाहेर आक्कांना ऐकू जाईल एवढ्यानं.

आता ती शाळेत जाते. सुट्टीला सांगलीला आलो की अण्णा तिला हाताला धरून बाजारात नेतात, मी मागून चालते. मागच्या खेपेला तिकटीवर नारळ होता, लिंबू, दहीभात, ताजी हळद. माझे पाय सवयीनं वळसा घालायला लागले. अण्णा थांबले. हल्ली ते नारळ उचलत नाहीत. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतात आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणतात.

लेकीनं त्यांचा हात ओढला. "आजोबा, इथं भूत आहे?"

"न्हाई गं बाय," अण्णा म्हणाले. "हितं कुणाची तर आई भ्यालेली हाय. तिच्यासाटनं देवाकडं मागाय लागतंय."

मीही त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. मी डोळे मिटले आणि त्या बाईसाठी मागितलं.