मामांच्या गाडीची झालर

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात कशालाही भोक पाडलेलं नाही, आणि आपल्यासमोर कुणाला पाडूही दिलेलं नाही. इंदिरानगरमधल्या त्यांच्या बंगल्यात एकाही भिंतीत खिळा सापडणार नाही. भिंतीवरचं म्हणून विकत घेतलेलं घड्याळ कपाटावर आडवं पडलेलं असतं. वेळ बघायची तर स्टुलावर चढावं लागतं. वाडवडिलांच्या तसबिरी भिंतीला पाठ टेकून जमिनीवर ओळीने बसलेल्या असतात, त्यामुळे नवख्या पाहुण्याला पंगत बसली आहे आणि वाढपी यायचे आहेत असं वाटतं. माझ्या बायकोचे कान टोचायचे होते त्या दिवशी तिला मांडीवर घेऊन बसण्याचा मान अर्थातच मामांचा होता. सोनाराने तार हातात घेतली आणि मामा बाळासकट उठून थेट गल्लीच्या टोकाला गेले. "भोक पाडायला अक्कल लागत नाही, जावईबापू," ते मला नेहमी ऐकवतात, "पण पाडलेलं भोक ब्रह्मदेवालाही परत घेता येत नाही."

अशा माणसाच्या दारात एक जुनी, लाल, विलायती स्पोर्ट्स कार येऊन उभी राहिली. दोनच सीट, कापडी छत आणि बॉनेट इतकं लांब की पुढचा दिवा चौकात पोचला तरी मामा अजून गल्लीतच. ही गाडी त्यांचे जिवलग मित्र, चांदवडचे कांद्याचे व्यापारी आप्पा, यांची. दृष्टी अधू झाल्यावर आप्पांनी ती मामांना देऊन टाकली. पुढे आप्पा गेले, आणि मामा गाडीला अधिकच जपू लागले. तिच्या मापाचे जुने टायर मिळेनात म्हणून रुंद टायर घातले. ते मडगार्डाच्या बाहेर आले आणि चिखल व खडी रस्त्यावरच्या जनतेवर समान न्यायाने उडू लागली. त्यावर उपाय म्हणजे मडगार्डाच्या कडेला बाहेरून बसवायची रुंद कमान. इंग्रजीत तिला फ्लेअर म्हणतात. मामींनी पहिल्याच दिवशी तिचं 'झालर' असं बारसं केलं. चार चाकांच्या चार झालरी घरी आल्या. आता त्या गाडीला लावायच्या कशा, एवढाच प्रश्न उरला. त्या प्रश्नाने आमच्या घराण्याचे दोन उन्हाळे खाल्ले.

मामांनी सल्ला घ्यायला सुरुवात केली आणि माझ्या लक्षात आलं, की माणसाकडे जे हत्यार असतं तोच त्याचा सिद्धान्त असतो. पाथर्डी फाट्याजवळचे गॅरेजवाले रफीकभाई मूळचे मालेगावचे. त्यांनी नुकतीच रिवेट मारायची बंदूक घेतली होती. "मामू, रिवेट मारो, खल्लास. गाडी भंगारात जाईल, झालर जाणार नाही!" शेजारच्या वेल्डिंगवाल्याला वेल्डिंगशिवाय कुठलाही जोड अनैतिक वाटत होता. एक भाचा दुतर्फी चिकटपट्टीचा एजंट होता. त्याच्या मते विमानंसुद्धा आता चिकटपट्टीवरच उडतात. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा व्हॉट्सअॅप ग्रुप तर पेटूनच उठला. आयुष्यात पाना हाती न धरलेली माणसं 'मूळ पत्र्याचं पावित्र्य' या विषयावर लिहू लागली. स्क्रूवाल्यांनी रिवेटवाल्यांना कसाई म्हटलं, रिवेटवाल्यांनी चिकटपट्टीवाल्यांना पोस्टमास्तर. ग्रुप फुटला आणि दोन्ही ग्रुपांचे अॅडमिन मामाच झाले.

मामांचं मत अर्थातच ठरलेलं होतं: मूळ पत्र्याला ड्रिल लागता कामा नये. "आप्पाने गाडी माझ्या हवाली केली ती अखंड," ते म्हणायचे. "मी तिची चाळणी करू?" म्हणून त्यांनी आधी एक जालीम गोंद आणला. तो झालरीला लावता लावता त्यांचा उजवा पंजा मडगार्डाला चिकटला. मामी तेलाची वाटी आणायला आत गेल्या, आणि नेमकं त्याच वेळी एक जोडपं लग्नाची पत्रिका घेऊन आलं. मामांनी डाव्या हाताने अक्षता घेतल्या, उजवा हात गाडीवर तसाच ठेवून त्यांच्याशी हवापाण्याच्या आणि द्राक्षांच्या गप्पा मारल्या, आणि चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. "म्हातारपणी माणसाला गाडीचा केवढा गर्व!" असं ते जोडपं फाटकाबाहेर जाऊन म्हणाल्याचं मामींनी स्वतः ऐकलं.

शेवटी चिकटपट्टी जिंकली. आप्पांच्या वर्षश्राद्धाला मामा त्याच गाडीतून निघाले, शेजारी मी. मुंबई-आग्रा रस्त्यावर ऊन असं होतं की पिंपळगाव बसवंतच्या पुढे पट्टीचा गोंद पाझरायला लागला. मागून कांद्याचा एक टेम्पो हॉर्न वाजवत आमच्या बरोबरीला आला आणि ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "ओ काका, तुमच्या गाडीचा कान पडला ना मागं!" मागे चालत जाऊन मी तो कान उचलून आणला आणि तापलेली झालर मांडीवर घेऊन चांदवडपर्यंत बसलो. मामा वाटेत एकच वाक्य बोलले: "भाच्याला दिवाळीला बोलवायचं नाही."

आप्पांच्या घरी वहिनी, म्हणजे आप्पांच्या पत्नी, ओसरीवर उभ्या होत्या. गाडी पाहून त्या पायऱ्या उतरून आल्या. गाडीवरच्या तीन झालरी आणि माझ्या हातातली चौथी त्यांनी निरखून पाहिली.

"परत लावले का काय हे, भाऊजी?"

"परत म्हणजे?" मामांनी विचारलं.

"त्यांनी बी लावले होते की. चांगले स्क्रू मारून." वहिनींनी मामांचा चेहरा पाहिला. "तुम्हाला नाय म्हाईत? तुम्ही गाडी न्यायला येणार म्हणून घाईनं काढले, सगळी भोकं बुजवून वरनं रंग मारला. म्हणे, त्याला भोकं दिसली तर लय जिवाला लागंल त्याच्या. गाडी नेणारच नाय."

मामा वाकून मडगार्डाच्या कडेने बोटाच्या पेराने ठोकत गेले. टण, टण, टण, आणि मध्येच एक बद्द आवाज. पुन्हा टण, पुन्हा बद्द. ज्या पत्र्याच्या पावित्र्यासाठी एक ग्रुप फुटला होता, तो जागोजागी रंगाऱ्याच्या लांबीने लिंपलेला होता. मला हसू आवरेना. पण मामा गाडीच्या कडेवर हात ठेवून नुसते उभे होते, आणि या वेळी हाताला गोंद नव्हता.

"कशाला लावले होते त्याने?" त्यांनी विचारलं.

वहिनी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "चिखल उडायचा, माझं लुगडं खराब व्हायचं. मी बसायचेच नाय गाडीत. मग हे लावून आले आन् म्हणाले, आता चल कुठं चलायचं ते. पण तेवढ्यात त्यांचे डोळे गेले. राहूनच गेलं."

त्या दिवशी मामा पानावरून अर्धपोटी उठले. नाशिकला परतताच गाडी रफीकभाईंच्या दारात लावून म्हणाले, "स्क्रू." रफीकभाईंनी आपल्या लाडक्या बंदुकीकडे एक दुःखी नजर टाकली आणि ड्रिल उचललं. मामांनी ते त्यांच्या हातून काढून घेतलं. डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून त्यांनी बद्द आवाजाच्या पहिल्या जागी टोक टेकवलं. पांढरी लांबी पिठासारखी खाली सांडली आणि आतून आप्पांचं जुनं भोक उघडलं. मामांनी डोळे उघडले, भुकटी फुंकरीने उडवली आणि पुढच्या जागेकडे सरकले. पत्र्याला एकही नवं भोक पडलं नाही, हे त्यांनी आम्हाला नंतर बजावून सांगितलं.

पाऊस सुरू झाल्यावर, रस्ते चांगले चिखलाने भरल्यावर, मामा चांदवडला गेले. मी आणि मामी मागून माझ्या गाडीत. "बसा वहिनी," मामा म्हणाले, "कुठं जायचं ते सांगा." वहिनींनी "आता ह्या वयात?" असं म्हणून घेतलं, पण त्या आत जाऊन नवं लुगडं नेसून आल्या. गाडीत बसून त्यांनी समोरच्या रस्त्याकडे बोट केलं. "हा रस्ता आग्र्याला जातो म्हणतात. जन्म गेला ह्याच्या काठाला, पण मालेगावच्या पुढं काय मी गेले नाय."

घड्याळ कुठे टांगायचं हे ज्यांचं अजून ठरलेलं नाही, ते मामा म्हणाले, "चला."

आग्र्याला काही आम्ही पोचलो नाही. धुळ्याच्या पुढे गाडी तापली आणि आम्ही रस्त्याकडेच्या निंबाखाली डबे उघडले. वहिनी जेवता जेवता उत्तरेकडे जाणारे ट्रक पाहत होत्या. मामांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तो हातातच राहिला.

"मला सांगितलं असतंस तरी मी गाडी घेतली असती रे," ते म्हणाले. आमच्यापैकी कोणाकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. मामींनी त्यांच्या ताटलीत चटणी वाढली, आणि आम्ही बॉनेट निवायची वाट बघत बसलो.