भावासाठी पाठवलेला प्रश्न

माझा प्रश्न टीव्हीवर येणार असा फोन आला तेव्हा मी सिंदेवाहीच्या बसस्टँडवर उभी होते. पलीकडच्या बाईने प्रश्न वाचून दाखवला, पुरावा म्हणून जोडलेलं पान कोणत्या पुस्तकातलं ते विचारलं आणि म्हणाली, "शुक्रवारी संध्याकाळी बघा. तुमचं नाव आणि गाव पडद्यावर येईल."

मी दोनदा विचारलं, "गाव नक्की येईल ना?"

तिला वाटलं असेल, हौस आहे. हौस कसली? भाऊ घरातून जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याचा फोन बंद. त्याच्यापर्यंत पोचायचा दुसरा रस्ता मला उरला नव्हता.

तो प्रश्नांचा कार्यक्रम आमच्या घरी रोज लागायचा. शेवटच्या फेरीत प्रेक्षकांनी पाठवलेले प्रश्न असायचे. पर्याय यायच्या आत भाऊ उत्तर ओरडायचा आणि चुकलं की स्वतःच हसायचा. तो दहावी नापास. भात संशोधन केंद्रात रोजंदारीवर जायचा. बारीक चिमट्याने धानाच्या फुलातले पुंकेसर काढायचे आणि लोंबीवर कागदाची पिशवी चढवायची, हे त्याचं काम. मी बी.ए. आईकडून, बापाकडून, दोन्हीकडच्या नात्यात पदवी घेतलेली पहिली मीच. त्याचा मला गर्व होता, आजही आहे. तो लपवून हे लिहिता येणार नाही, कारण जे झालं ते त्या गर्वापायीच झालं.

एकदा शेजारपाजारचे पाच-सहा जण टीव्हीसमोर बसले होते. थोडाच वेळ उमलणाऱ्या कोणत्या तरी फुलाचा प्रश्न आला. भाऊ ओरडला, "धानाचं! घंटाभर उघडते, मंग मिटलं ते मिटलं."

मी म्हटलं, "धानाले कुठी फूल येते? लोंबी येते."

"येते न वो. तू कधी वाकून पाह्यलं काय? सकाळी दहा-अकराले धानाच्या बांधीत जाय, दिसते."

"दहावी नापास माणसानं कॉलेजवाल्याले शिकवू नये."

सगळे हसले. शेजारचे काका त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता बोल न बाबू, बहिणीनं तोंडच बंद केलं तुयं!" भाऊसुद्धा हसला. पण दुसऱ्या दिवसापासून तो त्या कार्यक्रमाला बसला नाही. पंधरा दिवसांत तो मिरची तोडायला जाणाऱ्या टोळीबरोबर तेलंगणात निघून गेला. टोळी होळीनंतर परत आली, तो आला नाही. दुसऱ्या ठेकेदाराबरोबर पुढे गेला, एवढंच कोणीतरी सांगितलं. ठाण्यात तक्रार लिहून घेतली आणि म्हणाले, "मोठा माणूस आहे, येईन घरी."

दुसऱ्या वर्षी धान निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या, तेव्हा एके सकाळी मी बांधीत, आमच्या धानाच्या वावरात, गेले आणि वाकून पाहिलं. तुसाची दोन्ही पाखं उघडलेली, त्यातून इवलेसे पिवळट पुंकेसर बाहेर लोंबत होते. माझं सगळं आयुष्य धानात गेलं आणि मी ते पाहिलं नव्हतं. मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून राहिले. बारा वाजायच्या आत ती फुलं मिटली. तिथेच मोबाईलवर कार्यक्रमाचा फॉर्म उघडला आणि लिहिलं: धानाचं एक फूल साधारण किती वेळ उघडं राहतं? पुरावा म्हणून शेतीच्या पुस्तकातलं पान घरी येऊन जोडलं. भावाने हा प्रश्न माझ्या नावाने ऐकला, की बहिणीने काय कबूल केलं ते त्याला कळणार होतं. बाकी जगाला कळलं नाही तरी चालत होतं.

शुक्रवारी आईने माझा फोन शंभर टक्के चार्ज करून मांडीवर घेतला. प्रश्न आला. माझं नाव आलं, गावही आलं. स्पर्धकाने बराच विचार करून "एक दिवस" सांगितलं आणि ते चुकलं. सूत्रसंचालक म्हणाला, "बरोबर उत्तर, साधारण एक तास."

फोन वाजला. आईने कानाला लावला, "तू होय का रे?"

नागभीडची मावशी होती. मग माझी मैत्रीण, मग शाळेतले जुने सर. दर वेळी आई माझ्याआधी फोन उचलायची आणि तेच विचारायची. सरांनाही तिने तेच विचारलं. मग हळू आवाजात म्हणाली, "नाई, बोला सर. आहे पोरगी इथीच."

नंतर फोन वाजेनासा झाला.

"त्या मुलुखात आपला मराठी टीव्ही लागते काय वो?" आईने विचारलं.

हे फॉर्म भरतानाच माझ्या मनात आलं होतं आणि मी ते बाजूला सारलं होतं. मिरची तोडणारे वावराच्या कडेला ताडपत्रीखाली राहतात. तिथे कुठला टीव्ही!

"आता सगळं मोबाईलवर दिसते, माय. कुठीबी दिसते."

"मंग त्यानं पाह्यलं असन."

"पाह्यलं असन."

"पाह्यलं," ती म्हणाली, "मंग काऊन नाई केला फोन?"

तिला धीर द्यायला मी जे बोलले होते, त्यानेच मी तिचा मुलगा तिच्यापासून आणखी लांब नेऊन ठेवला होता.

"मले माहीत नाई, माय," मी म्हटलं. "तिथी दिसते का नाई, हेच मले माहीत नाई. मी उगाच बोलली."

तिने फोनची काच पदराने पुसली आणि तो परत मांडीवर ठेवला.