हागवणीत गेलेला नाईक

लोक विचारतात, कोणती लढाई लढलात? मी सांगतो, हागवणीची. ऐकणारा हसतो. हसू द्या. मी बावीस वर्षं फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो आणि हवालदार म्हणून रिटायर होऊन एकोडीला घरी आलो. त्या लढाईत माझ्या हातून एक जवान गेला. त्याची गोष्ट मी खाली मान घालून सांगणार नाही.

आमची पोस्ट ईशान्येकडच्या जंगलात होती. तीस जवान, एक मेजर साहेब, आणि दवाखाना म्हणजे मी. डॉक्टर खाली बटालियनमध्ये, पायी दीड दिवसावर. पाणी नाल्याचं. सकाळी ०५०० वाजता टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायची, अर्धा तास थांबायचं, मग पेल्यात तपासणीचे थेंब टाकायचे. रंग पिवळा आला की पाणी पिण्यालायक. जवान वासाला नाक मुरडत आणि मला 'ब्लीचिंग साहेब' म्हणत. दर सहा महिन्यांनी प्रत्येकाला जंताची गोळी, तीही माझ्यासमोर गिळून तोंड उघडून दाखवायची. आमच्याकडची पोरं अनवाणी भाताची रोवणी करत मोठी होतात. बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, चिखलातले जंत तळपायातून शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात आणि धडधाकट माणूस पांढराफटक पडतो. हे मी गावातच पाहिलं होतं, म्हणून गोळीच्या बाबतीत कुणाचं ऐकत नव्हतो.

नाईक देवाजी सानगडीचा. एका तालुक्याचे म्हणून आम्ही दोघं गावच्या बोलीत बोलायचो. पोस्टवरचा सर्वांत दमदार गडी. त्याचा सेक्शन तीन दिवसांच्या पेट्रोलवरून, म्हणजे जंगलातल्या गस्तीवरून, परतला. वाटेत झरा लागला होता, गार आणि नितळ. खिशात पाणी शुद्ध करायच्या गोळ्या होत्या, पण नितळ पाण्यात कोण गोळी टाकतो? वरच्या अंगाला गुरं बसत होती, हे मागून कळलं.

दुसऱ्या दिवशी चार जवान माझ्याकडे आले. उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. चौघांना ओआरएस पाजत बसलो. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चमचा चमचा सुरू करायचं. चौघंही तीन दिवसांत उभे राहिले.

देवाजी आला नाही. पुढचं पेट्रोल त्याच्या हाताखाली निघायचं होतं. आजारी म्हणून सिक रिपोर्ट केला असता तर नाव कटलं असतं. मग त्यानं आमच्या गावाकडचा इलाज केला. जुलाब लागले की पाणी बंद. वरून ओतलं की खालून वाहतं, असं आमच्याकडे म्हातारे सांगतात आणि पोरं मानतात.

तिसऱ्या दिवशी ०९१० वाजता तो बराकीच्या दारात पडला. डोळे खोल गेलेले, हात गार, पोटऱ्यांत गोळे. पोटाची कातडी चिमटीत धरली, ती तशीच उभी राहिली.

"कवापासून?" मी विचारलं.

"परवापासून, भाऊ. पेजेवानी होऊन राहिली."

"लघवी?"

"काल सकाळी झालती."

"पाणी काहून नाही पेला?"

"पाण्यानं वाढते ना गा."

माझ्याकडे सलाईनच्या चार बाटल्या होत्या. दोन्ही हातांना सुया लावल्या. मेजर साहेबांनी स्वतः वायरलेस सेट हातात घेतला.

"एक कॅज्युअल्टी, सीरियस. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"ढग खाली आहेत. वेट. ओव्हर."

१०४० ला पुन्हा तेच उत्तर. १२२० ला चौथी बाटली संपली. नाडी जरा वर आली होती, ती परत बुडाली. तोंडानं पाजत होतो, पण तो गिळत नव्हता. १३०५ ला देवाजी गेला. १५०० ला आभाळ उघडलं. त्या आभाळाचा राग मला आजही येतो.

त्याला घेऊन मीच सानगडीला गेलो. सर्व आटोपल्यावर त्याच्या मायनं मला जवळ बसवलं.

"त्याले पानी तं नाही ना पाजलं कोनी?"

सोबतच्या सुभेदार साहेबांनी मला डोळ्यानं गप्प राहायला सांगितलं. मी गप्प राहिलो नाही.

"माय, पाणी नाही पेला म्हणून गेला तो."

ती म्हणाली, "लहानपनी मीच लोटा हिसकून घेत होती त्याच्या हातातून."

बाहेर आल्यावर त्याच्या काकानं मला धरलं. "काहून सांगतलं गा म्हातारीले?"

"घरात त्याची लेक हाय, काका. म्हणून सांगतलं."

पुढल्या रोवणीत सानगडीत गॅस्ट्रोची साथ आली. मी सुट्टीवर एकोडीला होतो. देवाजीची चार वर्षांची पोरगी आजारी असल्याचं कळलं, तसा सायकलवर निघालो. पोहोचलो तेव्हा आजी तिला मांडीवर घेऊन बसली होती. ओआरएसच्या पुड्या गावात पोहोचल्या नव्हत्या, म्हणून एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, हे अंगणवाडीच्या बाईंना विचारून तिनं स्वतः कालवलं होतं. शेजारणी भोवती उभ्या. पाणी बंद करा, पोरगी जाईल, असं म्हणत एकीनं वाटीला हात घातला.

म्हातारीनं तो हात बाजूला केला. "एक पोरगा पानी बंद करून घालवला मी. हिच्या वाटीले कोनी हात लावू नका."

पोरीनं संध्याकाळी लघवी केली. मी तिथंच ओसरीवर बसून रडलो आणि कुणापासून लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी उपकेंद्रातून ओआरएसच्या पुड्या आणि झिंकच्या गोळ्या आणल्या. झिंक चौदा दिवस चुकवायचं नाही, हे म्हातारीला एकदाच सांगावं लागलं.

शाळेत झेंडावंदनाला शहिदांची नावं वाचतात. देवाजीचं नाव त्यात नाही. आजारानं गेला, यादीत बसत नाही, म्हणतात. यादी संपली की दरवर्षी मी उभा राहतो. मास्तर खाली बसा म्हणतात, मी बसत नाही. मी पोरांना सांगतो: नाईक देवाजी, राहणार सानगडी, ड्यूटीवर गेला. भरलेली टाकी त्याच्या बराकीपासून दहा पावलांवर होती.